नऊ बोटांच्या माणसाचं पिस्तूल

दचकू नका, मी रिकामा आहे. पिस्तूल बोलतोय खरा, पण आत एकही काडतूस नाही आणि यापुढे कधी असणारही नाही. सध्या माझा मुक्काम उत्तर लंडनमधल्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे. अंगाला दोऱ्याने नंबर बांधलाय. आजूबाजूला माझे शेकडो भाऊबंद पडलेत आणि त्यातले बरेच जण दिवसभर कुरकुरत असतात. मला ते जमत नाही. माझे दिवस चांगले गेले, आणि चांगले दिवस आठवत पडून राहण्यात मला कमीपणा वाटत नाही.

माझा जन्म १९८८चा, युरोपातल्या एका कारखान्यातला. माझ्या माहितीपत्रकात छापलं होतं, ‘आकाराने लहान, कोटाखाली सहज मावणारं, दिवसभर जवळ बाळगण्यासाठी.’ म्हणजे बाळगलं जाण्यासाठीच मला घडवलेलं. आणि पाठवलं कुठे, तर इंग्लंडला! इथे पिस्तूल खिशात घालून कोपऱ्यावर दूध आणायला गेलात तर दूध घरी पोचेल, तुम्ही नाही. इथे आम्ही दोनच ठिकाणी राहायचं. घरातल्या कुलूपबंद लोखंडी कपाटात, नाहीतर नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर.

रीडिंग गावातल्या एका बंदुकांच्या दुकानात मी सात महिने काचेखाली पडून होतो. गिऱ्हाइकं यायची, मला हातात घ्यायची आणि हमखास विचारायची, “करंगळी कुठे ठेवायची?” माझी मूठ आखूड. धरणाऱ्याची करंगळी खाली हवेत लोंबकळायची. मग ती मंडळी मला परत ठेवून मोठं पिस्तूल घेऊन जायची. पुढे पुढे मलाच माझी लाज वाटायला लागली होती.

एका शनिवारी पद्माकर केळसकर आले. लंडनच्या हॅरोत राहणारे, तिथल्याच एका फॅक्टरीच्या टूलरूममध्ये काम करणारे, बुटके, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी मला उजव्या हातात घेतलं आणि मी चमकलो. लोंबकळायला करंगळी नव्हतीच. १९७९ साली प्रेस मशिनखाली सापडून ती गेली होती. मी जिथे संपत होतो तिथेच त्यांचा हातही संपत होता. त्यांनी मूठ एकदा सैल करून पुन्हा आवळली. दुकानदार दुसरं काही दाखवू लागला, तर मान हलवून म्हणाले, “नाही. हेच.”

पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी नेमबाजीचं पदक मिळवलं होतं. बोट गेल्यावर मोठी पिस्तुलं त्यांच्या हातात वळायला लागली. हॅरोबाहेर जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात एक क्लब होता, त्याचे ते मेंबर होते. पण दर वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या क्लबशी ढालीसाठी मॅच व्हायची, तेव्हा चार जणांच्या टीममध्ये ते कधी नसायचे. चार वर्षं ते राखीव होते, म्हणजे टार्गेटं चिकटवायची आणि सगळ्यांना चहा द्यायचा. त्यांना एकदा, फक्त एकदा, त्याच हाताने त्या रांगेत उभं राहायचं होतं. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण बायकोला, मधुमतीबाईंना, ते हे रोज सांगायचे आणि कपाट स्वयंपाकघराशेजारी जिन्याखालीच होतं.

आता खरं सांगतो, सुरुवातीला मी फार वाईट वागलो.

नवं पिस्तूल ताठ असतं. त्यातून मी लहान, म्हणजे माझी स्प्रिंग आखूड आणि भलतीच कडक. पहिल्या रविवारी पद्माकरांनी पन्नास काडतुसं झाडली, त्यात मी अकरा वेळा अडकलो. कधी काडतूस अर्ध्यात थांबायचं, कधी रिकामी पुंगळी बाहेर पडताना मधेच उभी राहायची. शेजारच्या रांगेतून कोणीतरी खुसखुसलं. पद्माकरांचे कान लाल झाले. ते टूलरूमचे माणूस, त्यांना एकच उपाय सुचला. त्यांनी पिशवीतून बारीक कानस काढली.

“कानस आत ठेवा, मिस्टर के.,” मागून आवाज आला. हा केन. क्लबचा रेंज ऑफिसर, पोस्टातून रिटायर झालेला, मिशीत चहाचे थेंब बाळगणारा माणूस. केळसकर म्हणणं त्याला कधी जमलं नाही. “इट्स न्यू. दोनशे राउंड्स द्या त्याला आणि शांत राहा. जस्ट शूट इट.”

घरी आल्यावर पद्माकर बायकोला म्हणाले, “अगं, नवी कोल्हापुरी चप्पल आहे ही. चावणारच.”

“मग तेल लावा,” मधुमतीबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

आणि पद्माकरांनी खरंच तेल लावलं. दर बुधवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला मोकळं करायचे, पुसायचे, थेंब थेंब तेल द्यायचे आणि टीव्ही बघता बघता माझी वरची सरकती स्लाइड शंभर वेळा मागे-पुढे ओढायचे. मधुमतीबाई वैतागायच्या, “अहो, त्या कटकटीत बातम्या ऐकू येत नाहीत!” दुसऱ्या रविवारी मी चारदा अडकलो. तिसऱ्या रविवारी एकदा. चौथ्या रविवारी पाऊस होता, पत्र्याच्या शेडवर ताशा वाजत होता आणि मी पन्नासच्या पन्नास काडतुसं एका दमात गिळून बाहेर टाकली. शेवटच्या टार्गेटवर दहापैकी आठ छिद्रं मधल्या काळ्या वर्तुळात होती. पद्माकरांनी मला टेबलावर ठेवलं, चार बोटांनी थोपटलं आणि स्वतःशीच म्हणाले, “रुळलं.”

मला वाटतं, रुळलो आम्ही दोघंही. त्या दिवशी केनने भिंतीवरच्या टीमच्या यादीत चौथं नाव खोडून ‘मिस्टर के.’ लिहिलं. पद्माकरांच्या डब्यातल्या थालीपिठाचा अर्धा तुकडा त्याने न विचारता घेतला.

मग नवरात्र आलं. पद्माकर दर खंडेनवमीला आपलं व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने सगळं पाटावर मांडून पूजा करायचे. त्या वर्षी मीही होतो. पण पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही ही घरची रीत, आणि कायदा म्हणतो की पिस्तूल कपाटाबाहेर तसं सोडायचं नाही. दोघं नवरा-बायको पाटासमोर उभे राहून विचारात पडले. शेवटी मधुमतीबाईंनीच तोडगा काढला. “मग देवाला कशाला आणायचं? आपणच त्याच्याकडे जाऊ.”

म्हणून माझी पूजा जिन्याखाली झाली. पद्माकरांनी कपाट उघडून टॉर्च धरला, मधुमतीबाई वाकून आत शिरल्या, माझ्यावर आणि शेजारी ठेवलेल्या, काडतुसं भरायच्या मॅगझिनवर हळद-कुंकू वाहिलं आणि मोठ्या मनाने मूठभर अक्षता टाकल्या. कपाट बंद झालं. मला तोवर कोणी असं पुजलं नव्हतं. त्या अंधारात मी कुंकवाचा टिळा लावून पडलो होतो आणि फार सुखात होतो.

मॅच रविवारी होती. एरवी बारीक बघणारे पद्माकर त्या सकाळी मला फक्त वरवर पुसून निघाले, पूजेचं कुंकू खरवडायला त्यांचा हात धजला नाही. रांगेत उभे राहिले. चारही बोटं घट्ट. पहिली फेरी सुंदर गेली. दुसऱ्या फेरीत तीन गोळ्या बरोबर मधोमध, आणि चौथं काडतूस वर आलंच नाही. चाप ओढला, नुसता टक् झाला. वेळ संपला. उरलेल्या गोळ्यांची जागा टार्गेटवर कोरीच राहिली आणि क्लब दोन गुणांनी हरला.

केनने मॅगझिन काढून टेबलावर आपटलं. त्यातून तांदळाचा एक लाल दाणा पडला. त्याने तो तळहातावर घेतला, चष्मा वर केला, खाली केला. “मिस्टर के., धिस इज राइस.”

पद्माकरांनी त्याला सगळं सांगितलं. केन हसला नाही. दाणा खिशात टाकून टीमकडे वळला आणि म्हणाला, “स्प्रिंग. नवी होती. नोबडीज फॉल्ट.”

घरी मधुमतीबाई दारातच उभ्या होत्या. “काय झालं?”

“पिस्तूल अडकलं,” पद्माकर बूट काढत म्हणाले. “अजून कच्चं आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खोटा आळ आला आणि मी तो आनंदाने घेतला.

त्यानंतरची सात वर्षं मी सांगत बसलो तर खोलीतली ही मंडळी जांभया देतील. पुढच्या वर्षी ढाल आली. मग गेली, मग परत आली. रविवारी सकाळचं धुकं, केनचा थर्मास, ओल्या गवताचा आणि जळक्या बारुदीचा मिसळलेला वास, चिवड्याच्या डब्यात हात घालण्याआधी तो पुसायला लावणारे पद्माकर. दर मॅचआधी केन डोळा मिचकावून विचारायचा, “एनी राइस टुडे?” खंडेनवमीची पूजा जिन्याखाली होतच राहिली. मला बाळगलं कधीच नाही कोणी. पण मी कोणाच्या तरी हातात नेमका बसत होतो, आणि तेवढं मला पुरत होतं.

मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शाळेत काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. एका माणसाने सोळा लहान मुलं आणि त्यांच्या बाई गोळ्या घालून मारल्या. त्याच्या हातात होती ती माझ्याच जातीची हत्यारं. मी त्या कपाटात बातम्या ऐकत होतो आणि पहिल्यांदा मला माझं माहितीपत्रक नीट कळलं. कोटाखाली काय आणि कशासाठी बाळगायचं, ते.

त्या शनिवारी पद्माकरांची मुलगी सुनीती रीडिंगहून आली. ती इंग्लंडातच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं; तिथे शाळेत पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. स्वयंपाकघरात कप वाजत होते.

“बाबा, माझी क्लासमध्ये अठ्ठावीस मुलं आहेत,” ती म्हणाली. “फ्रायडेला आम्ही दरवाजा आतून कसा लॉक करायचा ते बघितलं. त्याला कडीच नाही, बाबा. मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. तुमचा पिस्तूल कोणाला काही नाही केला, आय नो. पण मी जिन्याजवळून जाते ना, तर मी तिकडे बघू नाही शकत.”

पद्माकरांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. त्यानंतर क्लबातले रविवार विरळ झाले. एकदा गेले, पण सहा गोळ्यांनंतरच त्यांनी मला पेटीत ठेवलं.

पुढच्या वर्षी पिस्तूलबंदीचा कायदा झाला. सप्टेंबर संपायच्या आत आम्हा सगळ्यांना जमा करायचं. क्लबात आरडाओरडा, सह्यांची मोहीम. केनही पेटला होता. “एका माणसाने केलं आणि शिक्षा आपल्याला, मिस्टर के.!”

“तुझं बरोबर आहे, केन,” पद्माकर सावकाश म्हणाले. “पण माझी मुलगी घरी आली की जिन्याजवळून जाताना पलीकडची भिंत धरून जाते.”

केनने सह्यांचा कागद त्यांच्यापुढे केला नाही.

बाकीचे शेवटच्या तारखेपर्यंत थांबले. आम्ही जुलैच्या पहिल्याच आठवड्यात निघालो. सकाळी पद्माकरांनी वर्तमानपत्र पसरलं आणि नेहमीसारखं तेल दिलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला पेटीत ठेवणार तेवढ्यात मधुमतीबाई कुंकवाची कोयरी घेऊन आल्या.

“अगं, आज कुठे खंडेनवमी?”

“नवमीपर्यंत ते इथे नसणार.” त्यांनी मला टिळा लावला. मग हात पुढे केला. “ते मॅगझिन द्या इकडे. त्या वर्षी ह्याच्यातच तांदूळ अडकला होता ना?”

पद्माकर बघतच राहिले. “कोणी सांगितलं तुला?”

“केनने. त्याच वर्षी, ख्रिसमसच्या पार्टीत. त्याला वाटलं, मला ठाऊक असेल. आणि तुम्ही इतकी वर्षं त्या बिचाऱ्या पिस्तुलाला नावं ठेवताय!”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलंच. म्हणून तर तेव्हापासून अक्षता जमिनीवर टाकते मी.” त्यांनी कोयरीशेजारच्या वाटीतून एकच दाणा उचलला आणि मॅगझिनच्या तोंडातून आत सोडला. “आता अडकू दे. आता कुठे मॅच आहे?”

पद्माकर खाली बसले. त्यांनी चार बोटांनी डोळे झाकले आणि रडले. मधुमतीबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या खांद्यावर हात फिरवत होत्या. 

पोलीस ठाणं घरापासून दहा मिनिटांवर. पेटीत घालून, पेटी पिशवीत घालून ते मला चालत घेऊन गेले. बाळगणं म्हणतात ते माझ्या नशिबी एवढंच आलं. काउंटरवर एक तरुण पोलीस बाई होती. पद्माकरांनी मला पेटीतून काढून समोर ठेवलं, पण हात उचलला नाही.

“सर,” ती हलकेच म्हणाली, “यू कॅन लेट गो नाउ.”

त्यांनी एकेक बोट काढलं. तिने मॅगझिन हलवून पाहिलं, आत काहीतरी खुळखुळलं. “देअर इज समथिंग लूज इन हिअर.”

“राइस,” पद्माकर म्हणाले, आणि टोपी घालून निघाले. मागे वळून बघितलं नाही त्यांनी, आणि ते बरंच झालं.

आता भट्टीची वाट बघतोय. मी निर्दोष होतो असा दावा मी करणार नाही. मला कशासाठी घडवलं ते मला कळलंय. खुशाल वितळवा. फक्त माझं काही करणारच असाल तर एक विनंती आहे, सुनीतीच्या वर्गाच्या दाराला आतून लागणारी कडी करा. ती लहान असली तरी चालेल, लहानपणाची मला सवय आहे.

तोपर्यंत हा दाणा मी सांभाळतो.