मामांचा चोथा, वस्तू क्र. ११४

फांगमामांची उचकी सव्वीस तारखेला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी थांबली. जुन्या औषधांच्या संग्रहालयात, दालन क्रमांक चारमध्ये. मात्र असं काही घडलेलं नाही. तसं संग्रहालयाचं लेखी म्हणणं आहे आणि त्याखाली माझीही सही आहे. तेव्हा मामांची उचकी चालू आहे असं धरून पुढे वाचावं.

तर उचकी चालू होती. एक्केचाळीस दिवस, दर नऊ सेकंदांनी. दुसऱ्या कुणाची असती तर आम्ही तिला घरातलंच माणूस समजून सांभाळून घेतलं असतं, पण मामा सनई वाजवतात. आमच्या बोझोऊ शहराच्या उत्तरेकडच्या गावांत गेली तीस वर्षं मुली सासरी निघाल्या त्या मामांच्या सनईवर. आणि आता अठ्ठावीस तारखेला त्यांची स्वतःचीच मुलगी रूओलान निघायची होती. सनईत उचकी शिरली की काय होतं ते आम्ही एका अंत्ययात्रेत ऐकलं होतं. मयताच्या मुलाला हसू आवरेना, त्याला घरी पाठवावं लागलं. नवरदेवाकडच्यांनी काळजीपोटी एक सॅक्सोफोनवाला ठरवून ठेवला होता. मामा त्या वाद्याचं नाव घेत नसत. ‘ती वाकडी नळी’ म्हणत.

वैद्यांचा काढा चालू होता. लवंग, आलं, जिनसेंग आणि पर्सिमन फळाची वाळलेली देठं. मामी तो उकळायची आणि उरलेला चोथा मामा रीतीप्रमाणे चौकात, भर रस्त्यावर ओतून यायचे. येणारे-जाणारे तो तुडवतात आणि रोग कुणाच्या तरी बुटाला लागून निघून जातो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आम्हीही दुसऱ्यांचे तुडवतोच. माझा डावा गुडघा दुखतो, तो मूळचा कुणाचा हे मला अजून कळलेलं नाही.

पण उचकी जाईना. शेवटी वैद्य म्हणाले, जरा मन रमवा. मंगळवारी साठीच्या पुढच्यांना संग्रहालय फुकट असतं, म्हणून मी मामांना तिथे रमवायला नेलं.

दालन चारमध्ये जुन्या बाजाराची एक गल्ली उभी केली आहे. फरशीच्या मधोमध काचेची बुटकी पेटी, तिच्यात पातेलंभर चोथा आणि शेजारी पाटी: ‘वस्तू क्र. ११४. काढ्याचा चोथा. तो रस्त्यावर टाकून लोकांनी तुडवल्यास रोग जातो, असा जुन्या काळी समज होता. कृपया पाय ठेवू नये. घटक: लवंग, आलं, जिनसेंग, पर्सिमनची देठं, एक अज्ञात निळं बी (चार छिद्रं).’

मामा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“हे माझं बटण आहे,” ते म्हणाले.

“कसलं बटण?”

“निळ्या शर्टाचं. तुझी मामी माझा शर्ट घालून काढा उकळते, स्वतःचे खराब होतात म्हणून. पहिल्याच दिवशी पडलं. तीन दिवस पलंगाखाली शोधत होती.”

म्हणजे पहिल्या दिवसाचा चोथा कुणाचा पाय पडायच्या आत संग्रहालयाने उचलून आणला होता. उचकी जाणार कुठून? ती काचेखाली जपून ठेवलेली होती, योग्य तापमानात.

म्याओ नावाची मार्गदर्शक मुलगी आली. “काका, काचेला टेकू नका.”

“पोरी, हा चोथा माझा आहे.”

“हा जुन्या काळचा आहे, काका.”

“एक्केचाळीस दिवसांपूर्वीचा आहे.”

तिने पाटी पुन्हा वाचली. “जुना काळ कधी संपला ते इथे दिलेलं नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली आणि उपसंचालक छी यांना घेऊन आली. ते बारीक, चामड्याचे चकचकीत बूट घातलेले गृहस्थ होते.

“साहेब,” मामा म्हणाले, “एका माणसाला याच्यावरून चालू द्या. परवा मुलीचं लग्न आहे.”

“चोथा तुडवायला नसतोच,” छी म्हणाले. “वाटेने जाणारा मोठा वैद्य थांबून बघायचा, काढ्यात काही चुकलंय का. म्हणून टाकायचे. आमच्याकडे गेल्या महिन्यात चौदा हजार लोकांनी बघितला.”

“त्यांत वैद्य किती?”

“शाळेच्या सहली धरून?”

“पाटीवर तर तुडवण्याचंच लिहिलंय,” मी म्हणालो.

“ती पाटी लोकांसाठी आहे.”

“आम्ही कोण?”

छींनी पाटी पुसून सरळ केली. मग म्हणाले, “हे बघा, पाय पडला तर ती वस्तू क्रमांक एकशे चौदा राहणार नाही.”

“आणि नाही पडला तर तो चोथा होणार नाही,” मामा म्हणाले.

मला दोघांचंही पटलं, त्यामुळे काय करावं ते सुचेना. “मी ठेवतो पाय,” मी म्हणालो.

“गप रे. घरच्याचा पाय चालत नाही. रोग जिना उतरतो आणि पुन्हा वर येतो.” मग मामांनी म्याओकडे बघितलं. तिने स्वतःच्या बुटांकडे बघितलं, नवे आहेत म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिथून ती आत येणाऱ्यांना काहीतरी सांगू लागली. त्यानंतर सगळे अभ्यागत भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे सरकत जाऊ लागले.

“निदान माझं बटण द्या,” मामा थकून म्हणाले.

“ते बी आहे. तज्ज्ञ समितीने तपासलंय.”

“समितीत शर्ट घालणारं कुणी होतं का?”

हे छींना लागलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, काच उचलून बाजूला ठेवली आणि चिमट्यात ते बी धरून मामांच्या अंगातल्या त्याच निळ्या शर्टाच्या रिकाम्या काजापाशी नेलं. उरलेल्या चार बटणांच्या शेजारी ते बी फारच घरच्यासारखं दिसत होतं. छी आणखी जवळून बघायला वाकले. तेवढ्यात मामांना उचकी आली, एक्केचाळीस दिवसांतली सगळ्यांत मोठी. छी दचकून मागे सरले आणि त्यांचा उजवा पाय वस्तू क्रमांक एकशे चौदामध्ये गेला. घोट्यापर्यंत.

आम्ही पुढच्या उचकीची वाट बघत होतो. नऊ सेकंद झाले. मी साठापर्यंत मोजले. छी एक पाय जुन्या काळात ठेवून तसेच उभे.

“थांबली,” मामा हळूच म्हणाले.

“काही थांबलेलं नाही,” छी म्हणाले, “कारण पाय पडलेलाच नाही. म्याओ, लिहून घ्या. तीन वाजून दहा मिनिटं, काही नाही. यांच्या सह्या…” पुढचं वाक्य त्यांच्या उचकीत गेलं.

आम्ही सह्या केल्या. मामांनी बटण खिशात घातलं.

अठ्ठावीस तारखेला मामांनी दारात उभं राहून सलग सव्वा तास सनई वाजवली. निळा शर्ट, पाचही बटणं लावलेली. रूओलान रडायचं नाही म्हणता म्हणता रडली. सॅक्सोफोनवाला दोनदा जेवला आणि जाताना मामांच्या पाया पडायला वाकला, पण खाली काही ओतलेलं नाही ना, हे आधी बघून घेतलं.

त्यानंतर आठ दिवसांनी हे पत्र आलं. मामांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, मामीला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून ठेवलं. टेबल आता हलत नाही. मी तिथूनच उतरवून घेतलंय:

‘प्रति, श्री. फांग शौयी. विषय: वस्तू क्र. ११४ चे नूतनीकरण. दि. २६ रोजी काहीही घडलेले नसल्याचे आपण लेखी मान्य केले आहेच. त्यास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वस्तूतील चोथा बदलण्यात आला असून (देणगीदार: नाव न सांगू इच्छिणारे एक अधिकारी), काच तसेच पाय न ठेवण्याबाबतची सूचना काढून टाकण्यात आली आहे. तथापि, अभ्यागत अद्याप भिंतीला घासून जात असल्याने भिंतीचा रंग जात आहे. तरी आपणांस विनंती की, आपण येत्या कोणत्याही मंगळवारी, विनामूल्य, साध्या बुटांत येऊन, दालन क्र. ४ च्या मधोमध, खाली न पाहता, एकदा चालून जावे. आणि येताना बी परत आणावे.’