वल्ह्याच्या ठेक्यावर

पक्षाघाताने आर्नफिनची, माझ्या नवऱ्याची, वाचा नेली तेव्हा लेकीचं लग्न ठरलेलं होतं. आमच्याकडे वधूपित्याने जेवणात उभं राहून चार शब्द बोलायचे असतात. आर्नफिनला चार नको होते, एकच हवा होता. सिन्नोवेला तिच्या पाळण्यापासून तो ज्या नावाने हाक मारी, ते नाव. सूलस्ट्रोले, सूर्याचा किरण.

सिन्नोवेनेच त्याला होडीत बसवलं. उजवा हात लुळा, म्हणून एक वल्हं त्याचं, एक तिचं.

"बाबा, तोंडाला विसर तू. हाताला म्हणू दे."

वल्हं ओढलं की सूल, सगळा जोर तिथे. उचललं की स्ट्रो, निम्मा जोर. आणि ले म्हणजे वल्ह्यावरून निथळणारं पाणी. त्याला कसला जोर?

मी धक्क्यावरून ओरडायचे, "अरे, मासे पळाले सगळे." तो हसायचा, आणि हसला की पुढचं सूल जरा मोकळं यायचं.

लग्नात लापशीची ताटं उचलली आणि त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. "सू..." म्हणाला, थांबला. त्याचा डावा हात टेबलाची कड ओढत होता. पण टेबल काही होडी नव्हे.

तोच टेबलाखालून आवाज आला. धप्प, टक्, आणि टाच घासल्याची हलकी सळसळ. सिन्नोवे बुटाने ठेका धरत होती.

पण आमची रीत अशी, की जेवणात पाय आपटले की नवरानवरीने टेबलाखाली जाऊन मुका घ्यायचा. माझ्या भावाला, तूरलैफला, वाटलं हीच खूण. त्याने पाय आपटले. मग सगळ्यांनीच.

"थांब रे मूर्खा," मी म्हणाले.

"मी काय केलं? नवरीनेच सुरू केलं. घाई तिला आहे."

रीत ती रीत. टेबलावरचं पांढरं कापड उचलून सिन्नोवे नवऱ्याला ओढत खाली शिरली. बाहेर आली ती बापाच्या पायांशी, डोक्यावरचा चांदीचा मुकुट वाकडा. आर्नफिनने वाकून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं, होडीतलं.

"सूल," तो म्हणाला. हात मागे आला. "स्ट्रो."

ले मला ऐकूच आलं नाही. त्याच्या गालावरून निथळताना दिसलं.

"भाषण आखूड झालं," तूरलैफ नाक पुसत म्हणाला. "पण बरं झालं."