आधी तोंड, मग डोंगर

संग्रहालयाच्या दालनात पाऊल टाकताच मातीबाईंच्या नाकात ओल्या रंगाचा वास घुसला. प्रतिकृती घडवण्यात हयात गेलेल्या बाईंना तो वास एरवी जाणवतही नसे. आज त्यांनी नाकाला पदर लावला. त्यांचा अर्धा झालेला ज्वालामुखी कोपऱ्यात ढकलून तिथे आयता डोंगर उभा केला होता, गेल्या वर्षीच्या रानटी प्राण्यांच्या प्रदर्शनातला. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. इथे पोखरून लाल दिवा बसवला होता. कडेने ओघळलेला रंग चिघळलेल्या जखमेसारखा दिसत होता.

"कसा झालाय?" संचालक हात चोळत म्हणाले. "तुमचं आपलं एक थर लावा, वाळवा, मग दुसरा. उद्घाटन परवावर आलंय हो! सुताराने एका दुपारीत उरकलं."

"साहेब, ज्वालामुखी म्हणजे डोंगराला पाडलेलं भोक नव्हे. समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो, सोबत पाणी नेतो. त्या पाण्याने खोलवरचा तापलेला खडक वितळतो. तो शिलारस हलका, म्हणून वर चढतो, साचतो, आतल्या वायूंचा जोर वाढला की जमीन फोडतो. मग लाव्हा, राख, पुन्हा लाव्हा असे थर चढतात, तेव्हा कुठे डोंगर होतो. आधी तोंड, मग डोंगर. म्हणून तर मी थर लावत होते!"

"अहो, हे मला शिकवता? मी यातच डॉक्टरेट केलीय. पण लोकांना लाल दिसलं की पुरे."

बाईंना शिसारी आली ती इथे. अडाण्याची कीव तरी करता येते. हा माणूस सगळं जाणून घाण विकत होता. आणि त्या घाणीखाली पितळी पाटी होती: निर्मिती म्हणून बाईंचं नाव, ठसठशीत.

त्यांनी शेजारी उभ्या सुताराच्या हातातला पेचकस घेतला. सुताराने मान खाली घातली. बाईंनी पाटी काढून पिशवीत टाकली.

"अहो, काय करताय? तिथे मोकळं कसं दिसेल? नाव कुणाचं लावू?"

"तुमचं लावा!" बाई थुंकल्यासारख्या बोलल्या. जनाची नाही तर मनाची तरी वाटेल, असं त्यांना वाटलं होतं.

संचालकांचा चेहरा खुलला. "खरंच? तुमची काही हरकत नाही ना?" आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत ते सुताराकडे वळले. "अरे, ती पाटी लहानच होती. जरा मोठी कर."