दारामागचा खिळा

रुचिराने गॅलरीच्या ग्रिलला लावलेला चिमटा दाबला, कापडाचा तुकडा सोडवला आणि ओढणीच्या घडीत घेतला. शेजारच्या गॅलरीत नंदाकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी पाहिलं असेल, नसेल. रुचिराने उगाचच दोन टॉवेल झटकले आणि टॉवेलच न्यायला आल्यासारखी आत गेली.

जान्हवी शाळेतून यायला अजून वेळ होता. तरी तिने बेडरूमचं दार लोटलं. दारामागच्या खिळ्याला नितेशचा कालचा निळा शर्ट लटकत होता. तो बाजूला केल्यावर त्याच खिळ्यात अडकवलेला दुसरा तुकडा दिसला. तेवढाच, तसल्याच मांजरपाटाचा, कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने सात आकडा घातलेला. कापड तिने सोमवारी मॅचिंग सेंटरमधून आणलं होतं आणि आकडाही तिनेच घातला होता.

दोन्ही तुकडे तिने ट्यूबलाइटखाली धरले. गॅलरीतला राखाडी झाला होता. दारामागचा जवळजवळ पांढरा, जरासा मळका. हवा होता तसाच. अगदी कोरं कापड दिलं असतं तर कुणालाही शंका आली असती, म्हणून तर तिने तो आठवडाभर घरात टांगला होता. सगळ्या खिडक्या बंद असलेल्या खोलीत, दाराच्या आड, जिथे जान्हवीचीही नजर जात नाही.

टीचरने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने पांढरा तुकडा घातला. राखाडी घडी करून पर्समध्ये गेला.

मागच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कल्पिता टीचरने मुलांना हे तुकडे वाटले होते. "खिडकीत टांगायचं. धुवायचं नाही, साबण तर अजिबात नाही. बघूया आठवडाभरात तुमच्या घरात कोण पाहुणे येतात ते." मुलं हसली. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आयाही हसल्या. मग टीचर एकेकाला विचारत सुटली. खिडकी कुठल्या बाजूला? घरात उदबत्ती लावता? मोठी माणसं कामाला कुठे जातात?

"बाबा कंपनीत आहेत," जान्हवी म्हणाली. तिला तसंच शिकवलेलं होतं.

"कसली कंपनी गं?"

जान्हवीने मागे वळून आईकडे पाहिलं. "माहीत नाही."

टीचरनेही रुचिराकडे पाहिलं. मग पुढच्या मुलाकडे गेली. पण पाहिलं.

तेव्हापासून रुचिराच्या डोक्यातून ते जात नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कंपनी कसली हे कशाला हवं? तिने फोनवर शोधलं. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. हवा तपासणाऱ्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी. मग एकदम मुलांच्या मासिकात लेख, छोटे छोटे व्हिडिओ, शाळाशाळांतून वर्ग. स्वतःच्या नावाखाली लिहिलं होतं, विज्ञान संवादक. हे काय काम असतं? एवढी शिकलेली बाई चांगली नोकरी सोडून रविवारी पोरांना कापडं का वाटेल?

"नोकरीवरून काढली असेल गं," नंदाकाकू म्हणाल्या होत्या. "आपल्याला काय करायचंय? कामाची आहे ती. मीच सेक्रेटरीला सांगितलं, हॉल फुकट दे तिला. पोरांचं पण होईल आणि आपलं पण."

आपलं म्हणजे काय, ते रुचिराने विचारलं नाही. हायवेपलीकडच्या काँक्रीट प्लांटचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर रोज पडत होते. गाड्यांच्या टपावरची धूळ, बोटाने त्यावर लिहिलेलं 'वाट लागली'. प्लांट बंद पाडायचाच, असं काकूंनी तीनतीन उद्गारचिन्हं टाकून लिहिलं होतं. रुचिराने त्याखाली अंगठा दिला होता. नितेश त्याच प्लांटवर सुपरवायझर आहे, सिमेंटच्या सायलोखाली उभा राहून मिक्सर भरून घेतो, हे मुलुंडच्या या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. येताना तो शर्टावरून जॅकेट घालायचा. शर्टाच्या पाठीवर प्लांटचं नाव होतं, म्हणून तो शर्ट गॅलरीत कधी दिसला नव्हता. धुऊनसुद्धा बाथरूममध्येच वाळायचा.

रात्री जेवताना नितेश म्हणाला, "अजून एक तक्रार गेली ना, तर बंदच करतील म्हणतात. राजेश होता तो प्लांट बंद झाला, बसलाय बघ अजून घरी."

"कुणी केली तक्रार?"

"मला काय माहीत? तुमच्याच बिल्डिंगवाले असतील."

"तुमच्या काय, आपल्या."

"तेच ते." त्याने जान्हवीकडे पाहिलं. ती घास तसाच ठेवून खोकत होती. "हिचं कधी थांबणार गं?"

डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली होती, धुळीपासून सांभाळा म्हणाले होते. रुचिराने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. उन्हाळ्यातही बेडरूम उघडली नव्हती. दिवाळीत कुर्ल्याला माहेरी गेली तेव्हा चौथ्या दिवशी पोरगी खोकायची थांबली. परत आल्यावर पुन्हा सुरू. प्लांटची धूळच ती, दुसरं काय? रुचिराला ते कळत होतं. कळूनही पर्समधला तुकडा ती टीचरच्या हातात देणार नव्हती. खोकल्याला औषध होतं. नितेशच्या नोकरीला नव्हतं.

रविवारी ती जान्हवीला घेऊन लवकर पोचली. हॉलमध्ये कल्पिता एकटीच सतरंज्या घालत होती. टेबलावर पाण्याची बाटली, वाट्या, ड्रॉपर आणि हळदीचा डबा. बाजूला स्टँडवर फोन लावलेला.

"शूटिंग करणार?" रुचिराने विचारलं.

"हातांचं फक्त. चेहरे घेत नाही मी."

"आणि कापडं? ती कुणाला देणार?"

"ज्याचं त्याला. मी ठेवून काय करू? पायपुसणी शिवू?" कल्पिता हसली. रुचिरा हसली नाही.

"टीचर, राग मानू नका. लॅब का सोडलीत तुम्ही?"

सतरंजीची दुमडलेली कड कल्पिताने पायाने सरळ केली. "माझी आई अजून विचारते. मढला मासळी विकते ती. मार्केटात सगळ्यांना सांगून ठेवलंय पोरगी लॅबला आहे म्हणून. मला म्हणते, एवरं शिकलीस ती पोरांना हलद दाखवाला?" मग थोडं थांबून म्हणाली, "लोकांच्या गच्चीवर मशीन लावायचे मी. दिवसभर हवा ओढायची, फिल्टर काढायचा, वजन करायचं, रिपोर्ट. तो जायचा ज्याने काम दिलं त्याच्याकडे. गच्ची ज्यांची, ते जिन्यात अडवून विचारायचे, मॅडम, आमच्या हवेत काय निघालं? सांगायची परवानगी नसायची. चहा मात्र त्यांचाच प्यायचे."

"म्हणून सोडलीत?"

"म्हणूनच असं नाही. पण जिन्यातून उतरताना दरवेळी तेच डोक्यात यायचं."

उत्तर चांगलं होतं. फारच चांगलं, असं रुचिराला वाटलं. तिने पर्स मांडीवर घेतली आणि मागच्या खुर्चीवर, फोनच्या समोर येणार नाही अशी बसली.

मुलं जमली. नंदाकाकूही आल्या, नातवाला, आकाशला, पुढे बसवून स्वतः रुचिराशेजारी टेकल्या. "आज कळेल बघ," त्या कुजबुजल्या.

"हळदीत चुना घातला तर काय होतं?" टीचरने विचारलं.

"कुंकू!" दोघीतिघी ओरडल्या.

"शाब्बास. लाल होतं. सिमेंटमध्ये पण चुन्यासारखंच असतं. साध्या मातीत तसं नसतं. म्हणजे तुमच्या कापडावर नुसती माती असेल तर हळद पिवळीच राहील. आणि सिमेंट असेल तर?"

"कुंकू!"

रुचिराने पर्सवरचा हात घट्ट केला. बरं झालं बदललं.

एकेक कापड टेबलावर पसरलं गेलं. ड्रॉपरने हळदीचं पाणी पडायचं, कापड पिवळं व्हायचं, मुलं वाकून बघायची. आकाशच्या कापडावर हळूहळू सातआठ तांबडे ठिपके उमटले. नंदाकाकूंनी मान वर केली. "बघा! बघा!" बाकीच्यांच्याही थोडेफार आले. मागच्या बाजूच्या घरांत एखादाच.

"नंबर सात."

जान्हवीने पिशवी दिली. पाणी पडलं. कापड पिवळं झालं आणि मग राहिलंच नाही पिवळं. वरच्या बाजूला आधी ठिपके, मग ठिपके एकमेकांना मिळून तांबूस डाग, भिजत भिजत खाली आलेले. मुलं एकदम ओरडली, "जान्हवीकडे सगळ्यात जास्त!"

नंदाकाकूंनी रुचिराचं मनगट धरलं. "बाई गं. आणि तुझ्या तर खिडक्या बंद असतात!"

रुचिराला वाटलं, बाईने पाण्यात काहीतरी मिसळलं. माझ्यावर नजर होतीच तिची. ती उठून टेबलापाशी गेली. पाणी तेच होतं, वाटी तीच, आकाशच्या कापडाशेजारी पडलेली.

"आकाश, तुमची खिडकी आणि जान्हवीची एकाच बाजूला ना?" कल्पिता विचारत होती.

"भिंतीला भिंत आहे टीचर."

"हं." कल्पिताने तुकडा उचलून उजेडात धरला. बाकी सगळ्या कापडांच्या वरच्या कडेला चिमट्याच्या दातांच्या खुणा होत्या. या कापडाला नव्हत्या. मधोमध एक भोक होतं, कड ताणलेली, गंजाचा बारीक डाग असलेली. कल्पिताचं बोट त्या भोकापाशी थांबलं. तिने रुचिराकडे पाहिलं. मागच्या रविवारी पाहिलं होतं तसंच. मग फोनजवळ जाऊन तिने रेकॉर्डिंग बंद केलं.

"टीचर, हिच्याकडेच का जास्त?" आकाशने विचारलं.

"एका कापडावरून सांगता येत नाही. लॅबमध्ये आम्ही अशा वेळी पुन्हा नमुना घ्यायचो." तिने कापडाची घडी केली आणि ती मुलांच्या डोक्यांवरून रुचिराच्या हातात दिली. आवाज उतरवून म्हणाली, "कुठे टांगलं होतं ते मला नका सांगू. तुम्हाला माहीत आहे ना? बास."

घरी येताना जिन्यात जान्हवीला खोकला आला. कठड्याला धरून ती थांबली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आई, आपल्या कापडाला भोक नव्हतं."

रुचिरा पायऱ्या चढत राहिली.

"मी टीचरना नाही सांगितलं."

"हात धर," रुचिरा म्हणाली. "पडशील."

दुपारी जान्हवी झोपल्यावर रुचिराने पर्समधला राखाडी तुकडा ओट्यावर पसरला आणि वाटीत हळद कालवून वर ओतली. चमच्याच्या टोकाने ती पसरवत राहिली. पिवळा. आकाशच्या कापडासारखेच, इकडेतिकडे विखुरलेले थोडे ठिपके. बाकी सगळा पिवळा. तिने अजून पाणी घातलं. अजून थोडी वाट पाहिली.

मग ती बेडरूममध्ये गेली. जान्हवी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पलंगाची तिची बाजू दाराकडची. रात्री दार लोटलं की खिळ्यावरचा शर्ट तिच्या उशीपासून हातभरही लांब नसायचा. रुचिरा पांघरूण नीट करायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली. खिडकीच्या फटीवरची चिकटपट्टी एका टोकाला सुटली होती. रोज ती दाबून बसवायची. आज तिने ते टोक धरलं आणि पूर्ण पट्टी ओढून काढली.

संध्याकाळी बेल वाजली तशी जान्हवी धावली. "बाबा!"

"थांब," रुचिराने तिला खांद्याला धरून मागे केलं आणि दार उघडलं. नितेश जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा होता. हात मुलीकडे पसरलेले. शेजारचं दार नेहमीसारखं उघडं होतं. नंदाकाकू सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"आत नको येऊस," रुचिरा म्हणाली. "शर्ट इथेच काढ."

"काय?"

"जॅकेट काढ आणि शर्ट काढ. बाहेरच. मग सरळ आंघोळीला."

नितेशने शेजारच्या दाराकडे डोळ्याने खूण केली. आवाज दाबून म्हणाला, "वेडी झालीस का? काकू आहेत ना समोर."

"असू देत."

"रुचिरा, अगं नाव आहे त्याच्यावर."

"मला माहीत आहे काय आहे त्याच्यावर."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मागे जान्हवीला ठसका लागला. नितेशने आत बघितलं, पुन्हा रुचिराकडे बघितलं आणि चेन खाली ओढली. शेंगा सोलायचा आवाज थांबला.

रुचिराने शर्ट अंगापासून लांब धरून बादलीत बुडवला. पाणी करडं झालं. तिने ते ओतलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या पाण्याला शर्ट पिळून ती गॅलरीत गेली. दिवे लागले होते. ग्रिलला कालचा चिमटा तसाच होता. शर्टाची पाठ तिने आतल्या बाजूला धरली, मग उलटी करून बाहेरच्या बाजूला घेतली आणि चिमटा लावला.

शेजारच्या गॅलरीत नंदाकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी शर्टावरची अक्षरं वाचली. पूर्ण वाचेपर्यंत रुचिरा तिथेच उभी राहिली.