ओथमारचं मौन आणि शेवटची जागा

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख अजून ताजी असताना, माझ्या नवऱ्याने चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये उभं राहून जाहीर केलं, की ईस्टरपर्यंत तो बेसबॉलवरून कोणाशीही वाद घालणार नाही. मग सूप वाढणारी गेर्लिंडा हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "ओथमार, त्यापेक्षा जेवण सोड. ते जमेल तुला."

सगळे हसले. मी मान खाली घालून पाव मोडत राहिले, पण मनातून मला फार बरं वाटलं. रोज पहाटे जपमाळ हातात घेतली की पहिल्या दहा मण्यांवर मी आमच्या मुलींसाठी प्रार्थना करते आणि दुसऱ्या दहांवर ओथमारच्या जिभेसाठी. कित्येक वर्षांनी ती प्रार्थना कुठेतरी पोचली होती. बेसबॉल समितीच्या जानेवारीच्या बैठकीत त्याने टेबलावर अशी मूठ आपटली होती, की गरम कॉफी क्लीटसच्या मांडीवर सांडली आणि म्हातारा सिल्वान टोपी उचलून निघून गेला. ते ओथमारला लागलं असावं. त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमचं सेंट ओडिलो म्हणजे एक चर्च, धान्याचं एक उंच कोठार, दोन बार आणि मक्याच्या शेताला लागून बेसबॉलचं मैदान. मिनेसोटाच्या या भागात प्रत्येक गावाचा आपला संघ असतो. आमच्या संघाचं नाव ओटर्स. कोणाला पगार नाही. दिवसभर गाई, ट्रॅक्टर, सुतारकाम करून माणसं संध्याकाळी खेळायला येतात. तीस मैलांच्या आत राहणारा कोणीही संघात घेता येतो, आणि म्हणूनच हिवाळाभर भांडणं चालतात. बाहेर बर्फ गुडघ्याएवढं असतं आणि आत माणसं उन्हाळ्याच्या संघावरून तापलेली असतात. कोणाला आणायचं, कोणाला ठेवायचं, कोणाला आता पुरे म्हणायचं. ओथमार संघाचा व्यवस्थापक. पण निर्णय समितीचा, आणि समितीचा अध्यक्ष क्लीटस व्युबकर. धान्याचं कोठार त्याचंच.

त्या वर्षी यादीत एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन नावं होती. एक केल्डन रीस, वीस मैलांवरचा, विद्यापीठाच्या संघातला तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचा चेंडू दिसायच्या आधी फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातात पोचतो, असं क्लीटस सांगायचा. दुसरा लिअँडर. डावखुरा, सदतीस वर्षांचा, खांद्याचं ऑपरेशन झालेला. लिअँडर माझा धाकटा भाऊ.

गेल्या ऑगस्टमध्ये विभागाच्या अंतिम सामन्यात लेक हेड्विग गावाविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये लिअँडरच्या हातात चेंडू होता आणि आम्ही एका धावेने पुढे होतो. त्याने दोन धावा दिल्या आणि आम्ही हरलो. तो मैदानातून बाहेर आला तेव्हा कोणी त्याला काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर एकदा मी त्याच्या गोठ्यात अंडी द्यायला गेले होते. तो गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसला होता, तसाच बसून म्हणाला, "व्हेरेना, सोडायचं तर सोडीन गं. पण असं नको होतं. एक उन्हाळा मिळाला असता तर बरं झालं असतं." भावाने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही त्याने ते मागितलं असं म्हणता येणार नाही.

त्याच्यासाठी भांडणारा एकच माणूस होता, आणि त्याने तोंड शिवून घेतलं होतं.

उपवासकाळात दर शुक्रवारी हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. स्वयंपाकघर माझ्याकडे असतं, त्यामुळे वाढपाच्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. समितीचे लोक एकाच टेबलावर बसायचे, आणि ओथमार त्यांच्यात बटाट्याचं सॅलड चिवडत असायचा. पहिल्या शुक्रवारी ते जपून बोलले. दुसऱ्या शुक्रवारी क्लीटसला धीर आला. लिअँडरचा चेंडू आता इतका हळू येतो, की फलंदाज मधल्या वेळात नाक शिंकरून घेईल, असं तो म्हणाला, आणि ओथमारकडे बघून थांबला. ओथमारने मिठाची बाटली उचलून सॅलडवर इतकं मीठ घातलं, की मला ते नंतर फेकावं लागलं. पण तो बोलला नाही. सिल्वान म्हणाला, लिअँडर चांगला माणूस आहे, त्याला पोरांना शिकवायला ठेवा. कोणीतरी म्हणालं, मेहुणा आहे म्हणून इतकी वर्षं चाललं. तेव्हा ओथमारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरीही तो गप्प राहिला. मग तर त्यांना सवयच झाली. ओथमार समोर बसला आहे हे ते विसरूनच गेले. केल्डनबद्दल क्लीटस काय काय सांगायचा. त्याची उंची, त्याचे प्रशिक्षक, त्याला कुठून कुठून बोलावणी येतात.

घरी आल्यावर ओथमार लाकडं फोडायचा. त्या मार्चमध्ये आम्ही पुढच्या हिवाळ्याचीही लाकडं फोडून ठेवली.

मला झोप लागेना. नवऱ्याने देवापुढे शब्द दिला होता आणि तो मोड असं मी कशी सांगणार? माझ्या आईच्या घरी उपवासकाळात जे सोडलं ते सोडलं. दुखणं असो, लग्न असो, त्यात फट नसायची. मीही तसंच पाळत आले. जपमाळ हातात घेऊन मी नुसतीच बसायचे. मणी पुढे सरकायचे नाहीत.

मग चौथ्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सेनंतर, हॉलमध्ये नेहमीसारखी कॉफी आणि डोनट होते. मी कॉफी ओतत होते. क्लीटसने येऊन साखर लावलेला डोनट उचलला, तो संपवला, दुसरा उचलला. क्लीटसने गोड सोडलं होतं. दरवर्षी तो गोडच सोडतो, आणि दर रविवारी खातो. वर्षानुवर्षं मी त्याच्या हातात डोनट देत आले आणि मनातल्या मनात नाक मुरडत आले. त्या दिवशी माझ्या हातातली किटली कलंडायची राहिली.

फादर आन्सगर शेजारीच उभे होते. मी हळूच विचारलं, "फादर, क्लीटस रविवारी खातो ते चालतं का?"

"चालतं की," फादर म्हणाले. "चाळीस दिवसांत रविवार धरलेलेच नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला? तुम्हाला माहीत नाही, असं कसं होईल?"

मला माहीत होतं. फक्त ते आमच्यासाठी असतं असं कधी वाटलं नव्हतं.

घरी जाताना गाडीत मी ओथमारला सांगितलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"तू सांगतेस हे? तुझ्या आईने ऐकलं असतं तर?"

"आईने ऐकलं असतं तर ती फादरना विचारायला गेली असती," मी म्हणाले. "मी विचारून आले आहे. आणि हे बघ, लिअँडरसाठी म्हणून बोलू नकोस. संघासाठी जे खरं वाटतं तेवढं बोल."

तो म्हणाला, "पण त्या जागेसाठीचं मतदान येत्या शुक्रवारीच ठरवलंय."

ते खरंच होतं. शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर समितीने पानं बाजूला सारली आणि क्लीटसने घसा साफ केला. यादी पुढच्या आठवड्यात लीगकडे पोचायला हवी होती. मी ॲप्रनला हात पुसत बाहेर आले. समितीच्या टेबलापाशी मी आजवर फक्त ताटं घेऊन गेले होते. मी म्हणाले, एक विनंती आहे. मतदान रविवारी कॉफीच्या वेळेला घ्या, म्हणजे ओथमारला बोलता येईल. त्याचं व्रत रविवारी लागू नाही.

क्लीटस हसला. "व्हेरेना, व्रत म्हणजे व्रत. रविवारी सुटी घेतली तर त्याला काय अर्थ राहिला?"

सिल्वानने हळूच मान वळवून क्लीटसच्या पोटाकडे बघितलं. मग गेर्लिंडाने बघितलं. मग सगळ्यांनीच. त्या क्षणी कोणी डोनट हा शब्द उच्चारला असता तर क्लीटस चिडला असता. पण कोणी उच्चारला नाही. त्याने स्वतःच पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं. रविवारी."

रविवारी हॉल गच्च भरला. ज्यांचा समितीशी काही संबंध नव्हता तेही आले. ओथमार इतक्या आठवड्यांचं साठवलेलं एकदम काढणार, हे कोणाला चुकवायचं नव्हतं. लिअँडर गाईंचं दूध काढून आला आणि माझ्याजवळ कॉफीच्या किटलीमागे उभा राहिला. मी त्याला कप पुसायला दिले, म्हणजे हाताला काही काम राहील.

ओथमार उभा राहिला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापले कप उचलून हातात धरले.

पण तो हळू बोलला. इतका हळू, की मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. तो म्हणाला, या वेळी त्याने सगळ्यांचं ऐकलं आहे. एरवी ऐकत नाही, हे त्यालाही माहीत आहे. लिअँडरचा चेंडू मंदावला आहे, हे खरं. वय झालं, हेही खरं. केल्डन गुणी पोरगा आहे, त्याबद्दल तर शंकाच नाही.

क्लीटसला हे अपेक्षित नव्हतं. त्याने कप खाली ठेवला.

"पण दुसऱ्या शुक्रवारी," ओथमार म्हणाला, "क्लीटसने मासे खाताना सांगितलं, की केल्डनला पूर्वेकडच्या मोठ्या उन्हाळी लीगने बोलावलंय आणि तो जूनच्या अखेरीस तिकडे जाणार. अभिमानाने सांगितलं. मी भांडत असतो तर मला ते ऐकू आलं नसतं. जून लागला की आपल्याला नवा माणूस घेता येत नाही. आपले खरे सामने ऑगस्टमध्ये असतात. तेव्हा ती जागा रिकामी असेल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. क्लीटसचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. तो सांगून मोकळा झाला होता आणि त्याचा अर्थ त्याच्या लक्षातच आला नव्हता.

"आणि लेक हेड्विगचा सामना," ओथमार पुढे म्हणाला. इथे तो थांबला. त्याची मूठ वळली, पण टेबलावर आली नाही. "तो सामना लिअँडर हरला नाही. शुक्रवारी सामनाभर चेंडू टाकलेल्या माणसाला मी रविवारी पुन्हा उभं केलं. बाहेरगावाहून आणलेले दोन पिचर आलेच नव्हते. लिअँडरने चेंडू मागितला नव्हता. नाही म्हणाला नाही, एवढंच. हरलो मी. हे मी जानेवारीतच सांगायला हवं होतं, ते सोडून टेबल बडवत बसलो. क्लीटस, पँट खराब झाली त्याबद्दल माफ कर."

माझ्याजवळ लिअँडर एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होता.

लिअँडरसाठी सिल्वानने सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग एकेक करून इतरांनी. शेवटी क्लीटस राहिला. त्याने छताकडे बघितलं, फादरकडे बघितलं, आणि हात वर करत म्हणाला, "माझीच जीभ. मी मासे खाताना बोलायलाच नको होतं." हॉल असा हसला, की वर चर्चमध्ये मेणबत्त्या विझवणाऱ्या बाया काय झालं ते बघायला खाली आल्या. लिअँडर हात वर करणाऱ्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मी त्याला एक डोनट दिला. एक मीही घेतला. माझ्या आयुष्यातला उपवासकाळातला तो पहिलाच.

ऑगस्टमध्ये विभागाचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. समोर पुन्हा लेक हेड्विगच आले. मका माणसाच्या डोक्यापेक्षा उंच झाला होता. आसपासच्या गावांतून गाड्या आल्या होत्या आणि मैदानावरच्या खाण्याच्या टपरीत माझ्याकडचे सॉसेज पाचव्या इनिंगलाच संपले. ओथमारने लिअँडरला आठवडाभर चेंडूला हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी लिअँडरनेच पहिल्या इनिंगपासून शेवटच्यापर्यंत चेंडू टाकला. चेंडू हळूच यायचा, पण जिथे फलंदाजाला हवा तिथे कधी यायचा नाही. त्यांचे चांगले फलंदाज सगळे डावखुरे, आणि डावखुऱ्या लिअँडरपुढे ते दिवसभर हवेत बॅटी फिरवत राहिले.

शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही तेवढ्याच एका धावेने पुढे होतो. तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर, त्यांचा माणूस उभा होता, एकालाच बाद करायचं उरलं होतं. समोरचा फलंदाज दोनदा हुकला होता, तिसऱ्यांदा हुकला की बाद. मी टपरीच्या खिडकीची फळी खाली ओढली आणि ॲप्रनच्या खिशात जपमाळ चाचपली. मग फळी पुन्हा वर केली, कारण न बघता राहवेना. लिअँडरने मोठा श्वास घेतला, टोपी सारखी केली आणि अगदी संथ, वळणारा चेंडू टाकला. फलंदाजाला त्याची वाट बघवेना, त्याने आधीच बॅट फिरवली. चेंडू त्याच्या मागून कॅचरच्या हातात गेला, आरामात, जसा काही चालत आला.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. सगळं गाव मैदानात उतरलं होतं. सिल्वानची टोपी मक्यात गेली ती पुन्हा सापडलीच नाही. ओरडून ओरडून ओथमारचा आवाज इतका बसला, की त्याच्या तोंडून नुसती शीळ निघत होती. क्लीटस त्याच्या खांद्यावर हात टाकून माझ्या खिडकीपाशी आला.

"व्हेरेना, पुढच्या वर्षी मी सोडतो वाद घालणं," तो म्हणाला. "संघाला मानवतंय असं दिसतं."

"रविवार धरून?" मी विचारलं.

क्लीटसने जरा विचार केला. "रविवार सोडून," तो म्हणाला.

लिअँडर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती आणि दुसऱ्या काखेत चषक होता. लोक त्याला थांबवत होते, त्याच्यासाठी बिअर ओतत होते. त्याने एकच घोट घेतला. म्हणाला, गाई थांबल्यात. त्याने चषक गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मक्यामधल्या रस्त्याने घराकडे निघाला. डावा हात. पार वळणापर्यंत तो हलताना दिसत होता.