स्क्रीनवरची धुरपदाबाई

धुरपदाबाईला सरकारला दरवर्षी सांगावं लागे, की मी अजून जिवंत आहे. त्याचा तिला राग नव्हता. राग होता तो अंगठ्याच्या मशीनचा. साठ वर्षं कापूस वेचून बोटांच्या रेघा पार पुसून गेलेल्या, आणि मशीन म्हणे, ही बाई सापडत नाही. शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पंचायतीत कंप्युटरवर बसणारी हेमलता पोरगी समजूतदार होती. तिने मोबाईलने धुरपदाबाईचा चेहरा टिपला आणि हयातीचा दाखला निघाला.

दाखला हातात आला तरी म्हातारी हलेना. कंप्युटर जरा रिकामा राहिला की आपोआप लॉक होई आणि पडद्यावर एक निळं तळं येई, मागे बर्फाचा डोंगर. तीन वर्षं ती तेच तळं बघत होती.

"हाई कोनतं गाव शे व पोरी?"

"माले काय माहीत, आजी. कंपनीनं टाकेल शे."

"ज्या गावले आपला पाव्हना बी नई, त्याना फोटू कसाले? आपला गावमा मानसं सरी गयात का?"

हेमलताला ते पटलं. तिने सेटिंग उघडलं, लॉक स्क्रीन शोधली, तळं काढून टाकलं आणि त्या जागी आत्ताच काढलेला धुरपदाबाईचा चेहरा लावला. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, वर मोठ्या आकड्यांत वेळ, खाली तारीख. म्हातारी लाजली. पण दारातून दोनदा मागे वळून बघून घेतलं.

घरी जाताना मात्र तिचा चेहरा उतरला. वाटेत भिकुबाईचं घर लागत होतं. भिकुबाई तिची थोरली जाऊ. श्रावणातली कानबाई देवी कोणाच्या घरी बसवायची यावरून सहा वर्षांपूर्वी दोघींची जुंपली आणि भावकीने मिळून करायचे नैवेद्याचे रोट वेगळे झाले. तेव्हापासून अबोला. श्रावणात दोन घरी दोन कानबाया बसत, आणि धुरपदाबाईला स्वतःच्या घरचा रोट गोड लागत नसे. फोटोची गंमत सांगावी अशी गावात एकच बाई होती, आणि तिच्याशीच बोलायचं नव्हतं. आधी ती बोलेल, मग मी, असं धुरपदाबाईने मनाशी घट्ट ठरवलेलं. ती मान खाली घालून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला रडण्याचा आवाज आला. बघते तर भिकुबाई. अनवाणी, पदर तोंडाशी, सत्तरीची बाई धावत येत होती. धुरपदाबाईला वाटलं, थोरल्या घरी कोणीतरी गेलं असणार. मेथी उधळत ती ओट्यावरून उतरली.

"अक्का, कोन गयं व?"

भिकुबाई जागीच थबकली. तिने धुरपदाबाईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू," ती म्हणाली.

"मी? मी त मेथी निवडी राह्यनू."

"त्या कंप्युटरवर तुना फोटू शे. एकलीना, मोठा. दहा चाळीस टाईम शे, खाले आजनी तारीख शे. माले वाटनं, दहा चाळीसले लई गयात तुले. माले कोनी सांगंबी नई."

मोबाईलवर कोणी वारल्याचा निरोप येतो तो असाच येतो, एकट्याचा फोटो, तारीख आणि अंत्ययात्रा निघायची वेळ. भिकुबाई आपला दाखला काढायला गेली होती, हेमलता पाणी भरायला उठलेली, आणि पडद्यावर फोटो आपोआप आलेला. ती बिचारी विचारायलाही थांबली नाही.

"मी थोरली शे," भिकुबाई ओट्यावर टेकत म्हणाली. "पहिले मीच बोलाले पाहिजे व्हतं. वाटभर तेच रडी राह्यनू."

"पहिले त मीच बोलनू," धुरपदाबाई म्हणाली. "आत्तेच. कोन गयं, म्हनी." आणि मग तिला हसू आवरेना. भिकुबाईलाही आवरेना. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसता हसता रडल्या, आणि शेजारच्या बाया खरंच कोणी गेलं का ते बघायला बाहेर आल्या.

चहा झाल्यावर दोघी पंचायतीत गेल्या. हेमलताचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, आजी, आत्ता काढते फोटो, तळंच लावते.

"काढू नको," भिकुबाई म्हणाली. "माले तिना बाजूले बसाड. एकली शे म्हनीसन मरेल दिसस. दोन्ही राह्यनूत त कोनी काही म्हनाव नई."

फोटो निघाला आणि पडद्यावर लागला. भिकुबाईच्या खांद्यावर मेथीचं पान तसंच राहिलं. पुढच्या श्रावणात कानबाई कोणाकडे बसवायची, यावर तिथल्या तिथे भांडण सुरू झालं. धुरपदाबाई म्हणे, तुम्ही थोरल्या, तुमच्याकडे. भिकुबाई म्हणे, नाही, तुझ्याकडेच.

तेवढ्यात गावातले कौतिकभाऊ सातबारा घ्यायला आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं.

"दोन्ही जावा बोलाले लाग्यात वाटस," ते म्हणाले, आणि सातबारा तसाच टाकून गावात सांगायला निघाले.