दोन पुस्तकांतली चांगुणा

कळंबच्या वाचनालयात दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा व्हायची आणि शेवटचा शब्द उत्तरेश्वर सरांचा असायचा. सरांनी चौतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांनी नावाजलेलं पुस्तक लोक मागून नेत, नाकारलेलं कपाटात पडून राही.

सात वर्षांपूर्वी श्रीपतींचा कथासंग्रह चर्चेला आला. श्रीपती एसटीत कंडक्टर. पुस्तक पदरमोड करून छापलेलं, तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं. गोष्टी सगळ्या काळ्याकुट्ट. एका गोष्टीत बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आई चार वर्षांच्या लेकीला जळकोटच्या रस्त्यावर एका अनोळखी जोडप्याच्या हवाली करते आणि मागं न बघता कामावर जाते.

"वाचून घास उतरला नाही," एक जण म्हणाला. दुसऱ्याला वाटलं, या लेखकाला माणसात चांगलं दिसतच नाही. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या म्हाळसाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला ती बाई खरी वाटली. वळून बघितलं असतं तर तिला पोरगी देताच आली नसती."

सर हसले. "बाई, आई असं करत नसते. केलं तर ती आई नाही, राक्षसीण. वाचकाला धक्का द्यायला रचलेलं आहे हे."

मागच्या खुर्चीवर श्रीपती बसले होते. चहा घेतला आणि गेले.

गेल्या वर्षी त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्यात कष्टाळू आई होती, आणि तिच्या मांडीवर तापानं गेलेली धाकटी बहीण चांगुणा. वाचनालयात सगळ्यांचे डोळे भरून आले. सरांनी साप्ताहिकात कौतुकाचा लेख लिहिला: लेखक अखेर खोट्या अंधारातून खऱ्या आयुष्याकडं आला. तो अंक घेऊन ते श्रीपतींच्या घरी गेले.

श्रीपतींनी लेख सावकाश वाचला. घडी घालून बाजूला ठेवला.

"सर, चांगुणा तापानं न्हाय गेली."

"म्हणजे?"

"तिला आईनं जळकोटला दिली. म्या आठ वर्षांचा होतो, शेजारीच उभा होतो. ते जोडपं मुरुमकडचं म्हणालं होतं. पुढं नोकरीत त्याच भागातली, उमरग्याची ड्युटी मागून घेतली. तिकीट फाडताना बायांची तोंडं बघायचो."

"मग पुस्तकात असं का लिहिलंत?"

"गोष्टीत आईचं नाव नव्हतं, तरी तुम्ही तिला राक्षसीण म्हणलात. आठवणीत तर नाव येणार. मेलेल्या आईला लोकांच्या तोंडी कसं देऊ? म्हणून तापानं मारली पोरीला."

श्रीपतींची मुलगी श्रावस्ती दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णांनी ती गोष्ट आत्यासाठीच छापली होती, सर. कुठं असलीच तर वाचल, ओळखल म्हणून. आता वाचलंच, तर आपण मेलो असं वाचल."

"चुकलं माझं," सर म्हणाले.

"लिहिलं म्या, सर," श्रीपती म्हणाले. "तुम्ही नुसतं बोललात."

सरांनी कथासंग्रहाच्या उरलेल्या प्रती मागितल्या. श्रीपतींनी पलंगाखालचा गठ्ठा ओढून दिला. पण गोष्ट खरी असल्याचं कुठं बोलू नका, असं बजावलं. त्यामुळं पुढच्या बैठकीत सरांना एवढंच सांगता आलं, की या पुस्तकावरचं माझं मत चुकलं होतं. कुणी कारण विचारलं, तर त्यांनी विषय बदलला. म्हाळसाबाईंची त्यांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. बाईंना ती चर्चा आठवतही नव्हती.

मग ते एसटीनं जळकोटला गेले, तिथून मुरुमला. भेटेल त्या वाचनालयात, शाळेत दोन-दोन प्रती ठेवल्या. मुरुमच्या एका वाचनालयात टेबलावर आठवणींचं पुस्तक आधीच होतं.

"लई चालतंय हे," ग्रंथपाल म्हणाले. "बायका जास्त नेतात. त्या तापाच्या पानापाशी रडतात."

सरांनी पुस्तक उघडलं. पानं हाताळून मऊ पडली होती. शेजारी त्यांनी कथासंग्रह ठेवला.

"हे कसं आहे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"हे आधी वाचायला द्या," सर म्हणाले. याहून जास्त त्यांना सांगता येत नव्हतं.